यंत्राची किंमत आणि यंत्राचा खर्च : बीदर-गुलबर्गा सीमाभागातील वैद्यकीय सेवाकार्याकडे एक दृष्टिक्षेप

बीदर आणि गुलबर्गा (आताचे कलबुर्गी) या जिल्ह्यांतील ख्रिस्ती मंडळीच्या इतिहासाचा विचार करताना आपल्यापुढे प्रथम उपासनामंदिरे, शाळा व वसतिगृहे येतात. रुग्णालयांचे स्मरण आपण करतो ते बहुधा तेथे सेवा केलेल्या डॉक्टरांच्या व परिचारिकांच्या चरित्रांतून. त्या रुग्णालयांत कोणती यंत्रे आली, ती कोणाच्या पैशाने आली आणि आल्यानंतर त्यांचे काय झाले, हा प्रश्न आपणांस सहसा सुचत नाही. तरीही आपले पाळक व उपदेशक रुग्णालयांच्या व्यवस्थापक समित्यांवर बसतात आणि खरेदीच्या ठरावास संमती देतात. म्हणून हा विषय केवळ डॉक्टरांचा आहे असे मानणे आम्हांस योग्य वाटत नाही.

१९४८ च्या सप्टेंबरपर्यंत हे दोन्ही जिल्हे निजामाच्या हैदराबाद संस्थानात होते. संस्थानाचे चलन निराळे होते. कलदार, म्हणजे ब्रिटिश हिंदुस्थानचा, रुपया आणि संस्थानचा हाली शिक्का यांचे मोल सारखे नव्हते. शंभर कलदार रुपयांना साधारणतः ११६ हाली रुपये, १० आणे, ८ पै मिळत. अमेरिकेतील मंडळ्यांनी डॉलरांत दिलेले दान मुंबईत कलदार होई आणि बीदरच्या बाजारात हाली. संस्थानाची करोडगिरीही स्वतंत्र होती. मुंबई बंदरात उतरलेला माल संस्थानाच्या सरहद्दीवर पुन्हा जकातीच्या हिशेबात येई. तेव्हा परदेशी छापील सूचीत दिसणारी किंमत आणि यंत्र रुग्णालयाच्या दारात येईपर्यंत पडणारी किंमत यांत आरंभापासूनच अंतर होते.

रस्त्याचे अंतर निराळेच. गुलबर्गा व यादगीर ही गावे मुंबई-मद्रास लोहमार्गावर असल्याने १८७१ पासून रेल्वेने जोडलेली होती. बीदरला मात्र विकाराबादकडून येणारी गाडी १९३० च्या सुमारास मिळाली. बीदर ते कलबुर्गी हा थेट लोहमार्ग तर २०१७ मध्ये खुला झाला, इतका काळ ही दोन शेजारी शहरे एकमेकांना गाडीने पारखी होती. जड पेट्या बैलगाडीतून आणावयाच्या, आणि एखादा सुटा भाग मोडला तर त्याच वाटेने परत पाठवावयाचा, ही स्थिती ज्यांनी भोगली त्यांना सूक्ष्मदर्शक, निर्जंतुकीकरणाचे भांडे व शस्त्रक्रियेची हत्यारे एवढ्यावरच पुष्कळ दिवस काम भागवावे लागले असेल, तर त्यात नवल नाही.

क्ष-किरण यंत्राने हा सर्व हिशेब बदलला. रंटगेन यांनी ते किरण १८९५ मध्ये शोधून काढले आणि थोड्याच वर्षांत मोठ्या शहरांतील रुग्णालयांत ते यंत्र येऊ लागले. परंतु ते एकटे येत नाही. त्याला वीज लागते, आणि गावात वीज नसेल तर तेलावर चालणारे इंजिन व जनित्र लागते. काळोखी खोली लागते, फिल्म लागते, फिल्म धुण्याची रसायने लागतात. हाताने फिल्म धुताना रसायन साधारण २० अंश सेल्सिअस तापमानाचे असावे असा संकेत आहे. गुलबर्ग्यात एप्रिल-मे महिन्यांत पारा ४० अंशांच्या वर जातो. रसायन तापले की फिल्मवरील सरसाचा थर मऊ पडतो व चित्र बिघडते. म्हणजे क्ष-किरण यंत्र विकत घेणाऱ्याने बर्फाचाही विचार करावयास हवा होता. यंत्र विकणाऱ्याच्या सूचीत बर्फाचा उल्लेख नसतो!

आता पैशाकडे वळू. यादगीरच्या मेथडिस्ट रुग्णालयाचे नाव होल्स्टन. होल्स्टन ही अमेरिकेतील टेनेसी व व्हर्जिनिया या भागांतील मेथडिस्ट मंडळ्यांची वार्षिक परिषद होय. एका परदेशी परिषदेचे नाव आपल्या सीमाभागातील एका गावाच्या तोंडी रुळले, यावरून देणाऱ्यांचे प्रेम दिसते, तसे देण्याचे स्वरूपही दिसते. मराठी मुलुखात याचे ठळक उदाहरण मिरजेचे. डॉ. विल्यम वॉनलेस हे १८८९ मध्ये हिंदुस्थानात आले, आणि १८९४ मध्ये मिरजेस जे रुग्णालय उभे राहिले त्यासाठी फिलाडेल्फियाचे रेल्वे-इंजिनांचे कारखानदार जॉन कॉन्व्हर्स यांचे दान लाभले. इमारत आणि यंत्र या दोन्ही गोष्टी दात्याला दिसतात. त्यांचे छायाचित्र घेता येते, त्यांवर नाव कोरता येते. पट्टा बदलला, नळी बदलली, तंत्रज्ञाचा पगार दिला, यांवर नाव कोरलेले आम्ही कोठेही पाहिले नाही.

मिरजेचे वैशिष्ट्य असे की, ऐपत असणाऱ्यांकडून शुल्क घेऊन गरिबांच्या उपचाराचा भार वाहण्याची रीत तेथे पडली. ती रीत रेल्वेच्या मोठ्या जंक्शनावर आणि दूरदूरच्या रुग्णांच्या ओघावर चालू शकली. बीदरसारख्या ठिकाणी ऐपतदार रुग्ण थोडे, आणि जे होते ते हैदराबादला वा सोलापूरला जाण्यास समर्थ होते. एकाच रीतीचा दोन ठिकाणी एकच परिणाम होत नाही, हे लक्षात न घेता पुढे कितीतरी समित्यांनी 'मिरजेसारखे करू' असे म्हटले असेल.

१९५६ च्या भाषावार प्रांतरचनेने जुना बीदर जिल्हा तिघांत वाटला गेला. उदगीर, निलंगा, अहमदपूर मराठी मुलुखात गेले. जहिराबाद, नारायणखेड आंध्रात गेले. बीदर, भालकी, औराद, बसवकल्याण म्हैसूर राज्यात, म्हणजे आजच्या कर्नाटकात, राहिले. रुग्णांनी या सीमा मानल्या नाहीत. औरादचा मराठी बोलणारा शेतकरी सोयीप्रमाणे बीदरला जातो किंवा उदगीरला. परंतु सरकारी अनुदाने आणि योजना यांनी सीमा मानल्या. याच काळात परदेशी मिशनरी मागे परतू लागले, त्यांच्याबरोबर त्यांच्या वैयक्तिक ओळखीतून येणारे दानही घटू लागले, आणि यंत्रे मात्र राहिली.

जगभरच्या मंडळ्यांपुढे हा प्रश्न एकाच वेळी उभा राहिला होता. १९६४ मध्ये जर्मनीतील ट्युबिंगेन येथे आरोग्यदानाच्या सेवाकार्यावर विचारविनिमय झाला आणि १९६८ मध्ये जागतिक मंडळी परिषदेने ख्रिस्ती वैद्यकीय आयोग स्थापन केला. मंडळ्यांचा बहुतेक वैद्यकीय पैसा रुग्णालयांच्या भिंतींच्या आत खर्च होतो आणि त्या भिंतींपर्यंत न पोहोचणारे गरीब तसेच राहतात, हे त्या विचाराचे सार होते. आपल्याजवळचे त्याचे उत्तर १९७० मध्ये अहमदनगर (आताचे अहिल्यानगर) जिल्ह्यातील जामखेड येथे डॉ. रजनीकांत व डॉ. मेबल आरोळे यांनी दिले. गावातीलच स्त्रियांना, त्यांतील कित्येक निरक्षर, त्यांनी आरोग्याचे शिक्षण दिले व साधी साधने त्यांच्या हाती दिली. जामखेडलाही रुग्णालय होते व शस्त्रक्रिया होत्या, हे सांगितले पाहिजे, कारण 'यंत्रे नकोत' असा सोपा अर्थ काही जण त्यातून काढतात. तेथे आधी गरज ठरत असे व मागाहून साधन. जागतिक आरोग्य संघटनेनेही १९८० च्या दशकात छोट्या रुग्णालयांसाठी साधी क्ष-किरण व्यवस्था पुढे मांडली. तिचे यंत्र बॅटरीच्या साठ्यावर चाले, त्यामुळे दुबळ्या वा खंडित विजेवरही काम होई.

वित्तपुरवठ्याच्या इतिहासातील एक प्रकरण आपल्या समित्यांनी अवश्य वाचावे. १ मार्च १९८८ च्या ६४/८८ क्रमांकाच्या अधिसूचनेने केंद्र सरकारने रुग्णालयांना परदेशी यंत्रांवरील आयातशुल्क माफ केले. अट अशी की, बाह्यरुग्णांपैकी सरासरी ४० टक्क्यांवर विनामूल्य उपचार व्हावेत, महिना ५०० रुपयांहून कमी उत्पन्नाच्या कुटुंबांतील आंतररुग्णांवर विनामूल्य उपचार व्हावेत, आणि त्यांच्यासाठी १० टक्के खाटा राखून ठेवाव्यात. १९९४ मध्ये ही सवलत मागे घेण्यात आली. यंत्र आले, अट विसरली गेली, असे अनेक मोठ्या रुग्णालयांच्या बाबतीत घडले. आणि १९९६ मध्ये मेडिवेल रुग्णालयाच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने स्पष्ट केले की ही जबाबदारी यंत्र बंदरातून सोडविण्यापुरती नसून पुढे सतत चालू राहणारी आहे. गरिबाच्या नावाने घेतलेली सवलत गरिबाला द्यावी, हे न्यायालयाला सांगावे लागले. आपल्या मंडळीस ते शास्त्रभागातून ठाऊक असावयास हवे होते.

आजची स्थिती आणखी गुंतागुंतीची आहे. बीदरला २००७ मध्ये व कलबुर्गीला २०१३ मध्ये शासकीय वैद्यकीय महाविद्यालये सुरू झाली. शासकीय रुग्णालयात मिळणारे महागडे यंत्र मंडळीच्या रुग्णालयाने पुन्हा विकत घ्यावे काय, याचा विचार व्हावा. सोनोग्राफीचे यंत्र घ्यावयाचे तर १९९४ च्या गर्भलिंगनिदानविरोधी कायद्याखाली नोंदणी लागते व प्रत्येक गर्भवती स्त्रीच्या तपासणीची नोंद ठेवावी लागते. क्ष-किरणाला अणुऊर्जा नियामक मंडळाचा परवाना लागतो. रक्ततपासणीची काही यंत्रे कंपन्या जवळजवळ फुकट ठेवून जातात, परंतु त्यांत त्याच कंपनीची रसायने चालतात. मग दर तपासणीमागे मोजावे लागते, आणि ते रुग्ण मोजतो. देखभालीच्या सर्वसमावेशक करारासाठी दरवर्षी किमतीच्या साधारण पाच ते दहा टक्के धरावे लागतात. दहा वर्षांत कधी कधी दुसरे यंत्र घेण्याइतका पैसा त्यात जातो. परदेशी दानाची वाटही अरुंद झाली आहे. १९७६ च्या परकीय देणगी कायद्याची जागा २०१० च्या कायद्याने घेतली, आणि २०२० च्या दुरुस्तीने एका संस्थेने मिळालेली परकीय देणगी दुसऱ्या संस्थेकडे सोपविण्यास मनाई केली. पूर्वी मध्यवर्ती मंडळातून लहान रुग्णालयांकडे जाणारा ओघ त्यामुळे आटला.

बुरूज बांधावयास निघालेल्या मनुष्याने आधी बसून खर्चाचा अंदाज करावा, हा लूककृत शुभवर्तमानातील दाखला आपण शिष्यत्वाच्या उपदेशात वापरतो. खरेदीच्या सभेतही तो शब्दशः लागू पडतो. समितीवरील पाळकाला यंत्राची बनावट कळण्याचे कारण नाही. हे यंत्र चालवणार कोण, तो रजेवर गेला तर कोण, बिघडल्यास दुरुस्तीस माणूस हैदराबादहून येईल की बंगळूरहून आणि किती दिवसांत, व ज्याच्याकडे पैसे नाहीत त्याची तपासणी कोणत्या खात्यातून होईल, एवढे विचारण्यास धर्मशिक्षण पुरेसे आहे. २०२१ च्या महामारीत देशभर अनेक रुग्णालयांना दानात ऑक्सिजन कॉन्सन्ट्रेटर मिळाले. ते यंत्र हवेतून प्राणवायू वेगळा काढते. त्याला अखंड वीज लागते आणि त्याची गाळणी नियमितपणे धुवावी लागते, एरवी प्राणवायूचे प्रमाण घटत जाते व वरून काही कळत नाही. ज्या रुग्णालयांत ती अजून आहेत तेथील समितीने पुढील बैठकीत एक यंत्र टेबलावर आणवून गाळणी काढून पाहावी, आणि ती धुण्याचे काम कोणाच्या नावे आहे ते इतिवृत्तात लिहून घ्यावे.