पहिल्या धारेचा सारथी

काही माणसांचे चरित्र लिहायचे तर दोन दप्तरे सोडावी लागतात. एक फौजदारीचे आणि दुसरे मानसन्मानाचे. अमेरिकेतील नॉर्थ कॅरोलायना राज्याचा रॉबर्ट ग्लेन जॉन्सन, ज्याला सारा मुलूख ज्युनियर जॉन्सन म्हणून ओळखत असे, तो असा माणूस होता. पहिल्या दप्तरात तो हातभट्टीच्या गुन्ह्याखाली तुरुंगात गेलेला कैदी आहे. दुसऱ्यात तो मोटारींच्या ५० मोठ्या शर्यती जिंकलेला चालक आणि सहा अजिंक्यपदे मिळवलेल्या संघाचा मालक आहे. १९३१ साली तो जन्मला, २०१९ च्या डिसेंबरात वारला. मला त्याच्या चरित्राचे कुतूहल आहे ते एवढ्यासाठी, की दोन्ही दप्तरांतला माणूस एक आणि त्याची विद्याही एकच. मग मधली रेघ कोणी ओढली, आणि ती पुसली कोणी?

प्रथम या शर्यतींविषयी. ‘स्टॉक’ म्हणजे दुकानात विक्रीसाठी ठेवलेला माल. स्टॉक कार म्हणजे तुम्हीआम्ही दुकानातून विकत घेऊ तशीच मोटार. युरोपातल्या शर्यतींसाठी खास बांधलेल्या, चिरूटासारख्या दिसणाऱ्या गाड्या असत, त्या श्रीमंतांच्या. ही शर्यत शेतकऱ्याची, मेकॅनिकची, गिरणीकामगाराची. अमेरिकेच्या दक्षिणेत ती रुजली, आणि तिच्या मुळाशी दारू होती.

ॲपलाशियन डोंगराच्या पायथ्याशी विल्क्स नावाचा परगणा आहे. जमीन चढउताराची, शेते लहान, रस्ते वाईट. मक्याची पोती खेचरावर लादून बाजार गाठायचा तर भाड्यातच कमाई जाई. तोच मका गाळला की दोन-चार पिंपांत मावे आणि भावही चांगला मिळे. तिथे दारू गाळणे हा शेतीचाच एक भाग होता, आपल्याकडे उसाचा गूळ करावा तसा. पण १७९१ साली नव्या अमेरिकन सरकारने गाळलेल्या दारूवर कर बसवला. पश्चिम पेनसिल्व्हेनियातले शेतकरी त्याविरुद्ध उठले आणि १७९४ साली खुद्द राष्ट्राध्यक्ष वॉशिंग्टन फौज घेऊन निघाले. १८०२ मध्ये तो कर उठला, यादवी युद्धाच्या खर्चासाठी १८६२ मध्ये परत आला, आणि मग कायमचा राहिला. पुढे नॉर्थ कॅरोलायनाने १९०८ साली मतदान घेऊन दारूबंदीच केली. डोंगरातल्या भट्ट्या काही विझल्या नाहीत; त्या फक्त रात्री पेटू लागल्या. चांदण्यात गाळलेली म्हणून त्या दारूचे नाव ‘मूनशाइन’.

सीमाभागातल्या वाचकाला हे फार उकलून सांगायला नको. १८७८ च्या मुंबई आबकारी कायद्याने आपल्याकडेही घरची भट्टी सरकारच्या मुठीत गेली. १९४९ चा दारूबंदी कायदा आला तेव्हा बेळगाव जिल्हा मुंबई राज्यात होता, आणि घाट उतरला की पोर्तुगीजांचा गोवा. डोंगराच्या एका अंगाला जी फेणी उघड गाळली आणि प्याली जाई, ती दुसऱ्या अंगाला गुन्हा होती. काजू तोच, डोंगर तोच. रेघ मात्र माणसाने ओढलेली.

ज्युनियरचा बाप या धंद्यातला बडा असामी. त्याच्या ६३ वर्षांच्या आयुष्यातील जवळजवळ २० वर्षे तुरुंगात गेली. १९३५ साली सरकारी माणसांनी त्यांच्या घरावर छापा घातला तेव्हा सापडलेला साठा देशाच्या अंतर्भागात तोवर पकडलेल्या साठ्यांत सर्वांत मोठा ठरला. ज्युनियर तेव्हा चार वर्षांचा होता. ज्या घरात पोलीस येणे हा पाहुणे येण्याइतकाच नित्याचा प्रकार, तिथले पोर चौदाव्या-पंधराव्या वर्षी माल घेऊन गाडी हाकू लागले यात नवल ते काय!

ही गाडी बाहेरून अगदी साधी दिसावी लागे. १९३२ पासून फोर्ड कंपनीने आठ सिलिंडरचे ताकदवान इंजिन स्वस्त मोटारीत घातले होते. १९४० ची फोर्ड कूप ही या धंद्याची लाडकी गाडी. मागची बाक काढून शे-सव्वाशे गॅलन दारू भरायची. वजनाने गाडीची मागची बाजू खाली बसली की पोलीस ओळखणार, म्हणून मागच्या स्प्रिंगा जाड बसवायच्या. इंजिन उघडून त्याची ताकद वाढवायची. कोणी तर रुग्णवाहिकेचे मोठे इंजिन बसवी. मग मध्यरात्री, कधी दिवे मालवून, वळणावळणाच्या कच्च्या रस्त्याने शहर गाठायचे. पुढे नाकाबंदी दिसली तर खालचा गिअर टाकून, चाक फिरवून गाडी जागच्या जागी उलट्या तोंडाची करायची; या युक्तीशी ज्युनियरचे नाव कायमचे जोडले गेले. गाडी हाकताना तो एकदाही सापडला नाही.

असे तरुण एकत्र आले की कोणाची गाडी पुढे, हा वाद निघणारच. तो शेताच्या कडेला मातीच्या रिंगणात सुटू लागला आणि लोक तिकीट काढून पाहू लागले. डिसेंबर १९४७ मध्ये फ्लोरिडातील डेटोना बीच येथे बिल फ्रान्स नावाच्या धूर्त संयोजकाने बैठक बोलावली आणि १९४८ साली ‘नॅस्कार’ ही संस्था उभी राहिली. तिची नव्या, न बदललेल्या गाड्यांची पहिली शर्यत १९ जून १९४९ रोजी शार्लट गावी झाली. ग्लेन डनावे पहिला आला. पण तपासणीत त्याच्या फोर्डच्या मागच्या स्प्रिंगा दारूच्या गाडीसारख्या बदललेल्या निघाल्या आणि विजय काढून घेतला गेला. गाडीचा मालक कोर्टात गेला आणि हरला. या खेळाचा जन्मच असा: पहिल्याच निकालात दारूची गाडी पुढे, आणि पहिल्याच निवाड्यात ती बाद.

त्या सुमारास नॉर्थ विल्क्सबरोच्या नव्या रिंगणात ज्युनियर पहिल्यांदा धावला. वय १६. खेचरामागे अनवाणी नांगर धरलेला असताना थोरल्या भावाने येऊन विचारले आणि तो उठून गेला, ही हकीकत तो स्वतः सांगे. दुसरा क्रमांक मिळाला. १९५५ साली त्याने वरच्या श्रेणीतल्या पाच शर्यती जिंकल्या. १९५६ मध्ये बापाच्या भट्टीजवळ, पायी, तो पकडला गेला. दोन वर्षांची शिक्षा झाली आणि ओहायोतल्या चिलिकॉथीच्या तुरुंगात त्याने ११ महिने काढले. सुटून आला आणि १९५८ साली सहा शर्यती जिंकला.

१९६० ची डेटोना ५०० मैलांची शर्यत मला त्याच्या चालक म्हणून कारकिर्दीतली सर्वांत महत्त्वाची वाटते. अडीच मैलांचा रस्ता, वळणावर ३१ अंशांचा उतार. ज्युनियरला मिळालेली वर्षभर जुनी शेव्हरोले पाँटिॲक गाड्यांपुढे स्पष्टपणे कमी वेगाची होती. सरावात त्याच्या ध्यानात आले, की वेगवान गाडीच्या अगदी शेपटीला शेपूट लावून धावले तर आपलीही गाडी तितकीच धावते. पुढची गाडी हवा फाडते, तिच्या मागे विरळ हवेची पोकळी राहते, त्या पोकळीत मागच्याला रोध कमी होतो. हवेचा रोध वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो, हे पुस्तक त्याने उघडले नव्हते. त्याला ते पायाखालच्या पेडलने सांगितले. शर्यतभर तो दुसऱ्यांच्या सावलीत धावला. अखेरच्या टप्प्यात आघाडीवरच्या बॉबी जॉन्सच्या गाडीची मागची काच उडाली, गाडी गरकन फिरली, आणि ज्युनियर जिंकला. आज ज्याला ‘ड्राफ्टिंग’ म्हणतात ती युक्ती त्या शर्यतीनंतर सर्वांनी उचलली.

१९६५ मध्ये १३ शर्यती जिंकून, १९६६ मध्ये त्याने स्टिअरिंग सोडले. पस्तिशीसुद्धा नीट उलटली नव्हती. ५० विजय, पण वर्षाचे अजिंक्यपद एकही नाही. ते त्याने मालक म्हणून मिळवले. इंगल हॉलो या आपल्याच खेड्यात कार्यशाळा घालून, शहरातून अभियंते न आणता, आजूबाजूच्या पोरांना हाताशी धरून त्याने गाड्या बांधल्या. नियमाचे पुस्तक तो वकिलासारखे वाची: जे लिहिलेले नाही ते मुभा आहे असे समजून. १९६६ साली ॲटलांटाच्या शर्यतीत त्याने आणलेली पिवळी फोर्ड पुढून इतकी लवलेली आणि मागून इतकी उचललेली होती, की लोकांनी तिचे नाव ‘पिवळे केळे’ ठेवले. प्रेक्षक घटले होते, म्हणून अधिकाऱ्यांनी ती त्या एका शर्यतीपुरती चालवून घेतली. १९९१ साली मात्र नियमापेक्षा मोठे इंजिन सापडल्याने त्याच्यावर काही आठवड्यांची बंदी आली. आबकारीशी शिकलेला लपंडाव त्याने अखेरपर्यंत सोडला नाही. केल यारबरोने त्याच्या गाडीत १९७६, ७७ आणि ७८ अशी लागोपाठ तीन अजिंक्यपदे मिळवली. डॅरेल वॉल्ट्रिपने १९८१, ८२ आणि ८५ ची. १९९५ नंतर त्याने संघ विकून टाकला.

आता पैशाची गोष्ट. १९७० च्या सुमारास मोटार-कारखान्यांनी शर्यतींतून हात आखडता घेतला. ज्युनियर आपल्या गाडीला पुरस्कर्ता शोधत विन्स्टन-सेलम गावच्या आर. जे. रेनॉल्ड्स या सिगारेट कंपनीकडे गेला. जानेवारी १९७१ पासून अमेरिकेत दूरचित्रवाणीवर सिगारेटची जाहिरात बंद होणार होती. जाहिरातीचे कोट्यवधी डॉलर कंपनीकडे पडून राहणार होते. एका गाडीला एवढा पैसा नकोच, हे पाहून ज्युनियरने तिला बिल फ्रान्सकडे धाडले. १९७१ पासून अजिंक्यपदाला ‘विन्स्टन कप’ हे नाव मिळाले आणि ते २००३ पर्यंत राहिले. खेळ श्रीमंत झाला. सिगारेटने काय होते हे सरकारच्याच वैद्यकीय अहवालाने १९६४ साली सांगितले होते; पण तिच्यावरचा कर भरलेला होता.

वॉल्ट्रिपने १९८१-८२ ची अजिंक्यपदे मिळवली त्या गाडीवर ‘माउंटन ड्यू’ या शीतपेयाचे नाव होते. ‘डोंगरचे दव’ हे मूळचे हातभट्टीच्या दारूचेच लाडके नाव. १९८४ पासून त्याच्या गाडीवर बडवायझर बिअरची जाहिरात झळकली. लक्षावधी लोक त्या मद्याच्या नावाला टाळ्या देत होते, आणि मालकाच्या माथी दारूचाच गुन्हा अजून नोंदलेला होता. १९८६ साली राष्ट्राध्यक्ष रेगन यांनी त्याला माफी दिली, तेव्हा तिसाएक वर्षांनी त्याला मतदानाचा हक्क परत मिळाला.

माझे म्हणणे गैरसमजाने वाचले जाऊ नये. हातभट्टी ही काही रम्य वस्तू नव्हे. मोटारीचे जुने रेडिएटर नळीऐवजी वापरलेल्या भट्ट्यांनी तिकडे शिसे पाजले, आणि आपल्याकडे मालवणीत २०१५ साली विषारी दारूने शंभरावर माणसे मेली. कायदा निरर्थक होता असे मी म्हणत नाही. पण कायद्याची रेघ विषाच्या बाजूने जात नव्हती. ती कराच्या बाजूने जात होती.

आणि ती आणखी एका गोष्टीच्या बाजूने जात होती. व्हर्जिनियातल्या, नॉर्थ कॅरोलायनाच्या सीमेला लागून असलेल्या डॅनव्हिल गावी वेंडेल स्कॉट (१९२१–१९९०) हा ज्युनियरचा समकालीन राहत होता. तोही दारू वाहणारा, तोही पट्टीचा मेकॅनिक, तोही स्वतःच्या गाडीचा मालक. फरक एवढाच, की तो कृष्णवर्णीय होता. १ डिसेंबर १९६३ रोजी फ्लोरिडातील जॅक्सनव्हिल येथे तो जिंकला. पण विजयाचे निशाण पडलेच नाही. बक बेकर या गोऱ्या चालकाला विजयी घोषित केले, सन्मानचिन्ह त्याला दिले, आणि लोक पांगल्यावर, काही तासांनी, मोजणीत चूक झाली असे कबूल केले. मुलांना हाताशी धरून, जुने सुटे भाग जोडून स्कॉट ४९५ शर्यती धावला. मोठा पुरस्कर्ता त्याला कधी लाभला नाही. त्या विजयाचे सन्मानचिन्ह त्याच्या कुटुंबाच्या हाती पडले ते २०२१ साली. तो जाऊन तेव्हा ३० वर्षे झाली होती. ज्युनियरला नॅस्कारच्या कीर्तिमंदिरात २०१० च्या पहिल्याच तुकडीत स्थान मिळाले, स्कॉटला २०१५ मध्ये.

म्हणजे विद्या एक असून भागत नाही. ती विद्या कोणत्या दप्तरात नोंदायची, हे कर कोणाच्या तिजोरीत जातो, जाहिरातीचा पैसा कोणाकडे आहे आणि हाकणाऱ्याच्या कातडीचा रंग कोणता, यांवर ठरते. ज्युनियरचे कर्तृत्व याने उणे होत नाही. उलट किती अडथळ्यांतून ते आले हे कळते. स्कॉटचे मात्र त्याहून मोठे वाटू लागते.

२००७ साली ज्युनियरच्या नावावर, त्याच्या घराण्याच्या कृतीची म्हणून, ‘मिडनाइट मून’ ही दारू बाजारात आली. या खेपेला परवाना होता आणि कर भरलेला होता. १९९६ नंतर ओस पडलेल्या नॉर्थ विल्क्सबरोच्या रिंगणात २०२३ साली पुन्हा मोठी शर्यत झाली. ती पाहायला तो नव्हता.

आपल्या जिल्ह्यांचा इतिहास लिहिताना आपण संस्थानिक, पुढारी, साहित्यिक यांची दप्तरे हौसेने सोडतो. रात्री घाट चढणाऱ्यांची, ट्रकच्या इंजिनाचा नुसता आवाज ऐकून दुखणे सांगणाऱ्या मिस्त्रींची, चोरवाटा तोंडपाठ असलेल्यांची नोंद मिळाली तर ती फौजदारी कचेरीत मिळते, आणि तिथे फक्त गुन्हा लिहिलेला असतो, कसब नव्हे. त्या पिढीतली माणसे अजून घरोघरी आहेत, आणि दोन्ही भाषांत बोलतात. त्यांना कोणी विचारील तर सांगतील. उशीर होण्याआधी विचारलेले बरे.