साडेपाच तास पुढे

परवा शनिवारी कोथरूडच्या घरी एका बोर्डासाठी लिनक्सचा ड्रायव्हर लिहीत बसलो होतो. डीएस१३०७ ही घड्याळाची चिप. वीज गेली तरी छोट्या सेलवर वेळ धरून ठेवते. २००६ साली कर्नेल २.६.१७ मध्ये अशा घड्याळांसाठी सामायिक चौकट आली, म्हणून काम तसं थोडंच: वेळ वाचणारं एक फंक्शन, लिहिणारं दुसरं.

चाललं की! पण वेळ साडेपाच तास पुढे. मी चिपमध्ये मनगटावरची वेळ भरली होती आणि लिनक्सने ती यूटीसी समजून वर ५:३० मिळवले. चिप बिचारी आकडे मोजते, ते कुठल्या गावचे हे तिला काय ठाऊक?

मुंबईकरांनी तर हा घोळ पन्नास वर्षं चालवला. १ जानेवारी १९०६ ला ग्रिनिचच्या ५:३० पुढची प्रमाणवेळ आली, पण शहर आपली ४:५१ ची 'मुंबई वेळ' सोडेना. रेल्वेचे दहा, तेव्हा शहराचे नऊ एकवीस. हा नुसता हट्ट नव्हता बरं का. गिरणीचं घड्याळ ३९ मिनिटं पुढे सरकलं, की कामगाराला तेवढं आधी, अंधारात निघावं लागणार. त्याच जानेवारीत जेकब ससून मिलचे कामगार याविरुद्ध उठले. मुंबई वेळ पार १९५५ पर्यंत टिकली.

असो. चिपमध्ये आता यूटीसी आहे. गंमत म्हणून बोर्डाला १९३० सालची मुंबईची वेळ विचारली. तिथे आपला झोन 'एशिया/कोलकाता', मुंबईचा वेगळा नाहीच. उत्तर आलं ५:३०.