खुडायचं की उपटायचं?

माजलगावात राहायला आल्यावरच्या पहिल्या हिवाळ्यात मी परसात चार ओळी हरभरा टोकला होता. महिना होत आला, रोपं वीतभर झाली. एका सकाळी भाजीपुरता पाला घ्यावा म्हणून मी पहिलं रोप धरलं आणि मुळासकट ओढलं. कुंपणापलीकडून शेजारच्या काकूंची हाक आली, "अगं, उपटतीस कशाला? खुड की!"

मग त्या स्वतःच आल्या. खाली बसल्या, अंगठा आणि तर्जनीच्या नखांत एक कोवळा शेंडा धरला आणि टचकन मोडला. "आता इथून दोन फांद्या फुटतेत. उपटलं तर एकदाच भाजी. खुडलं तर भाजी बी आणि पुढं घाटे बी." त्यांची बोटं हरभऱ्याच्या आंबेनं ओली झाली होती. पदराला पुसत त्या पुढच्या रोपाकडे सरकल्या.

खुडणं आणि उपटणं. दोन्ही शब्द मी जन्मभर वापरत आले होते, पण त्यांच्यामधलं अंतर त्या सकाळी पहिल्यांदा हाताला कळलं. तेव्हापासून परसातल्या भाज्यांची नावं आणि भाज्या काढण्याची क्रियापदं मी वेगवेगळी जपून ठेवू लागले. नावांचा माग काढता काढता फार लांब जावं लागलं. क्रियापदं मात्र इथल्याच मातीत भेटत गेली.

आधी सगळ्या भाज्यांना मिळून असलेला आमच्याकडचा शब्द सांगते, माळवं. आठवडी बाजारात "माळवं महाग झालं" म्हणतात तेव्हा त्यात मेथीपासून वांग्यापर्यंत सगळं येतं. माळवं म्हणजे मळ्यातलं, माळ्यानं पिकवलेलं. माळी हा शब्द संस्कृतातल्या मालिकापासून आला, म्हणजे हा मुळात फुलांच्या माळा करणारा. फुलांच्या शेजारी भाजी आली आणि माळ्याचं माळवं झालं. आमच्या भागात माळही आहे आणि मळाही आहे. अक्षरांत पाहिलं तर काना फक्त एका अक्षरावरून दुसऱ्यावर सरकतो, जमिनीवर मात्र तेवढ्यानं कोरडवाहूचं बागायत होतं. सिंदफणेवरचं माजलगाव धरण आणि पैठणच्या उजव्या कालव्यानं त्यात येणारं गोदावरीचं पाणी यांनी हा काना इथं अनेक शेतांत सरकवला आहे.

हंगामाचे शब्द बघा. शरद आपण पंचांगात वाचतो, पण शेतात कुणी "शरदात पेरलं" असं म्हणत नाही. शेतात चालतात ती नक्षत्रं. सप्टेंबरच्या अखेरीला हस्त लागतो, मागून चित्रा आणि स्वाती येतात. हस्ताचा पाऊस चांगला झाला की काळ्या जमिनीत रब्बीची ओल धरते. आणि ही रब्बी कुठली? अरबीत 'रबीअ' म्हणजे वसंत आणि 'खरीफ' म्हणजे शरद. महसुलाच्या फारसी दप्तरांतून हे दोन शब्द आपल्या शेतात उतरले. दप्तराला पीक हाती कधी येतं याच्याशी कर्तव्य होतं, कारण सारा तेव्हा वसूल व्हायचा. त्यामुळे पावसाळ्यात पेरून शरदात हाती येणारा तो खरीप, आणि हिवाळ्यात वाढून वसंताच्या तोंडाशी हाती येणारी ती रब्बी. पेरणाऱ्याचं लक्ष नक्षत्राकडे, मोजणाऱ्याचं काढणीकडे. दोघांचे शब्द आज एकाच बांधावर नांदतात.

पीक घरात येण्याच्या दिवसांना आपण सुगी म्हणतो. या शब्दाचं सख्खं भावंड कन्नडमध्ये आहे, सुग्गी. लातूर-धाराशिवकडे मार्गशीर्षाच्या अमावास्येला सगळं घर शेतात जेवायला जातं, हिवाळ्यातल्या शेंगाभाज्यांची भज्जी आणि आंबील करतं. त्या सणाला बोलीत येळवस म्हणतात आणि लिहिताना वेळ अमावास्या. कन्नड मुलखात हीच एळ्ळ अमावास्या आहे, आणि एळ्ळु म्हणजे तीळ. कन्नडचा तीळ मराठी कानाला 'येळ' ऐकू आला, मग कुणीतरी तो शुद्ध करून 'वेळ' लिहिला. तिळाचा काळ झाला, पण थंडीतली भज्जी तीच राहिली.

जमीन तयार करण्याचे शब्द जुने आणि घट्ट आहेत. भोपळ्याच्या वेलाभोवती आपण आळं करतो, ते संस्कृतातलं आलवाल. पाणी खोडापाशी थांबवण्याची युक्ती दोन हजार वर्षं बदलली नाही आणि शब्दही फक्त थोडा झिजला. पाणी देऊन किंवा पाऊस पडून गेल्यावर माती ना चिकट ना कोरडी अशी होते, मुठीत दाबली तर गोळा होतो आणि बोटानं टोचला तर फुटतो. त्या अवस्थेला वापसा म्हणतात, कुणी वाफसा म्हणतात. वाफसा म्हटलं की मातीतून निघणारी ऊबदार वाफ आठवते. माझा कल मात्र वापसा या रूपाकडे आहे, कारण संस्कृतात वप् म्हणजे पेरणं आणि वाप म्हणजे पेरणी. पेरायला योग्य झालेली जमीन, असा सरळ अर्थ त्यात दिसतो. आमच्या काळ्या मातीत वापसा चुकला तर ढेकळं होतात आणि मेथीसुद्धा धड उगवत नाही. रोप लावल्यानंतर दोनतीन दिवसांनी हलकं पाणी देतात, ते आंबवणी. त्यातलं 'वणी' म्हणजे पानीय, पाणी. चिंचवणीत तेच आहे. रोपाच्या आणि आमटीच्या पाण्याला भाषेनं एकच प्रत्यय दिला.

आता नावं. बियाणाच्या दुकानात मी वांग्याचं बी मागितलं. दुकानदारानं "हे घ्या वांगं" म्हणत पाकीट पुढं केलं आणि पाकिटावर छापलं होतं 'ब्रिंजल'. हे दोन शब्द एकाच मुळाचे आहेत. संस्कृतात वातिंगण, प्राकृतात वाइंगण आणि मराठीत वांगं ही एक वाट घरातल्या घरात राहिली. दुसरी वाट पश्चिमेला गेली. वातिंगणाचं फारसीत बादिंगान झालं, अरबीत बाधिंजान, अरबांबरोबर ते स्पेन-पोर्तुगालला पोचलं आणि पोर्तुगीजांनी त्याचं बेरिंजेला केलं. तेच पोर्तुगीज जहाजानं परत आलं आणि हिंदुस्थानातल्या इंग्रजीत ब्रिंजल झालं. संस्कृताच्याही आधी हे नाव द्राविडी भाषांतून आलं असावं असं काही अभ्यासक मानतात. इतका प्रवास केलेले दोन भाऊ माजलगावच्या एका दुकानात एकाच पाकिटावर भेटले आणि मी ते पाकीट पिशवीत टाकून घरी आणलं.

कोथिंबिरीची गंमत निराळी. पेरतो धणे आणि उगवते कोथिंबीर. धणे म्हणजे संस्कृत धान्यक, धान्यासारखं दिसणारं. कोथिंबीर म्हणजे कुस्तुंबुरु, ज्याची नाती कन्नड कोत्तंबरी आणि तेलुगू कोत्तिमीर यांच्याशी आहेत. विदर्भात आणि मराठवाड्याच्या काही भागांत तिला सांबारही म्हणतात. एका झाडाला बी म्हणून एक नाव, पाला म्हणून दुसरं. पेरण्याआधी धणे हलक्या हातानं रगडायचे असतात, कारण एका गोल दाण्यात दोन बिया जोडलेल्या असतात. नावासारखीच तीही जोडी आहे.

पालेभाज्यांत तर प्रत्येक जुडी उलगडावी. शेपू ही शतपुष्पा, शंभर फुलांची. तिची फुलांची छत्री एकदा बीसाठी राखून पाहिली की नाव पटतं. चुका म्हणजे चुक्र, आंबट. 'चूक झाली'मधली चूक प्राकृतातल्या चुक्क धातूची, तिचा या भाजीशी संबंध नाही. रताळं हे रक्तालुक, लाल कंद. कोबी पोर्तुगीजांच्या 'कोव्ह'वरून आली. मिरची अमेरिकेतून आली, पण तिनं नाव घेतलं ते मिऱ्याचं, कारण तिखटाचं जुनं मानाचं नाव तेच होतं. टमाट्याला जुनी माणसं बेलवांगं म्हणत, आणि वनस्पतिशास्त्राप्रमाणे टमाटा वांग्याचा जवळचा भाऊबंदच आहे. नाव ठेवणाऱ्यांनी फुलं आणि पानं नीट पाहिली होती.

या सगळ्यांत माझा लाडका शब्द चाकवत. गव्हाच्या, हरभऱ्याच्या ओळींत ही भाजी न पेरता येते, पानांवर पिठासारखी भुकटी असते. चाकवत म्हणजे चक्रवर्ती! संस्कृत कोशांत या रोपाला हे नाव आहे. त्याचं दुसरं नाव वास्तुक, म्हणजे वास्तूच्या आसपास येणारं, घराजवळचं. हिंदीतला बथुआ या वास्तुकापासून आला. एकाच रोपाला मराठीनं सम्राट म्हटलं आणि हिंदीनं घरचं. परसात चाकवत उगवलेलं दिसलं की मला दोन्ही नावं खरी वाटतात.

आता क्रियापदांकडे येते, कारण सांगायचं आहे ते तिथंच आहे.

मेथी उपटतात. मुळांची माती झटकतात आणि जुडी बांधतात. मुळाही उपटतात. पालक कापतात, जमिनीपासून दोन बोटं वर विळा लावून, मग पंधरा-वीस दिवसांनी तो पुन्हा कापायला येतो. आपला देशी पालक हा बीटाच्याच जातीचा आहे, विलायती स्पिनॅच निराळं. बीटासारखाच तो बुडख्यातून फुटत राहतो. वांगी तोडतात, देठासकट, दर तीनचार दिवसांनी, नाहीतर झाड नवं फळ धरायला आळस करतं. रताळी खणतात. कांदा काढतात. शेवग्याच्या शेंगा पाडतात. याच दिवसांत आजूबाजूच्या शेतांत कापूस वेचतात. आणि हरभऱ्याचा शेंडा खुडतात.

यांतलं एकही क्रियापद दुसऱ्याच्या जागी बसत नाही. उपटणं हे उत्पाटन, त्यानंतर तिथं काही उरत नाही, वाफा मोकळा होतो, नवं पेरायचं. कापण्यात बुडखा राखलेला असतो. तोडण्यात झाड राखलेलं असतं. वेचण्यात निवड असते, फुटलेलं बोंड तेवढं घ्यायचं आणि बाकीची थांबू द्यायची. संस्कृतातलं वि उपसर्गाचं चि, म्हणजे निवडून गोळा करणं, त्यात आहे. "त्यांनी आयुष्य वेचलं" म्हणतो तेव्हाचं वेचणं मात्र खर्च करणं, ते व्ययाशी जोडतात. गोळा करणं आणि खर्च करणं मराठीत एकाच आवाजात येऊन भेटलं आहे.

खुडणं आणि तोडणं यांचं नातं मला हेमचंद्राच्या प्राकृत व्याकरणात सापडलं. बाराव्या शतकातल्या या गुजराती पंडितानं तुड् धातूचे प्राकृतातले पर्याय एका सूत्रात ओळीनं दिले आहेत. त्यांत तोड आहे आणि खुडही आहे. म्हणजे नऊशे वर्षांपूर्वी व्याकरणकाराला हे दोन समानार्थी दिसत होते. मराठी हातांनी पुढं त्यांची वाटणी केली. जोर लागतो ते तोडणं, नखानं होतं ते खुडणं. त्याच व्याकरणात कृष् धातूच्या जागी येणारा कड्ढ आहे, आणि आपलं काढणं त्या कड्ढाचं आहे. कृष् म्हणजे ओढणं, नांगरणं, त्यावरूनच कृषी. जमिनीच्या पोटातून कांदा काढतो, तशीच आपण माणसाची आठवणही काढतो. दोन्ही वरून दिसत नसतात.

हल्ली परसबागेच्या चित्रफितींत सगळ्यालाच 'हार्वेस्टिंग' म्हणतात. छापील पत्रकांत सगळ्यालाच 'काढणी'. पत्रकाला एक शब्द सोयीचा असतो हे मला मान्य आहे. पण घरातल्या मुलाला "जा, मेथी हार्वेस्ट कर" म्हटलं तर त्यानं करायचं काय? उपटायची की कापायची, हे त्याला वेगळं सांगावं लागेल. "मेथी उपटून आण, पालक कापून आण, हरभरा खुडून आण" म्हटलं की सूचना क्रियापदातच असते. विळा घ्यायचा की नाही, झाड राहणार की जाणार, पुन्हा कधी यायचं, सगळं त्या एका शब्दात आहे. असे आठ शब्द जाऊन एक आला तर भाषेबरोबर हातातलं शहाणपणही जातं, आणि ते परत पेरायला बी मिळत नाही.

जानेवारीत, संक्रांतीच्या आदल्या दिवशी भोगी येते. "न खाई भोगी तो सदा रोगी." भुज् म्हणजे खाणं, उपभोगणं, त्यातून भोग आणि भोगी. त्या दिवशी वांगं, गाजर, वालाच्या शेंगा, ओला हरभरा, शेंगदाणे, तीळ, बोरं सगळं एका पातेल्यात जातं. काही घरांत या भाजीला खेंगट म्हणतात. सोबत बाजरीची तीळ लावलेली भाकरी. बादिंगानचा भाऊ आणि अमेरिकेहून आलेल्या भुईमुगाचे दाणे शेजारी शेजारी शिजतात.

त्या पहिल्या वर्षी भोगीला माझ्या परसातले हरभऱ्याचे घाटे होते. डिसेंबरभर मी शेंडे खुडले आणि काकू म्हणाल्या होत्या तशा प्रत्येक जागेवर दोन फांद्या फुटल्या. एक रोप मुळासकट ओढलं होतं, तिथं ओळीत रिकामी जागा तशीच होती. वाटीभर सोलाणे काकूंना नेऊन दिले. त्यांनी दाणा दाताखाली धरला आणि विचारलं, "खुडला होतास ना?"