एका बासरीवादकाचे अंतराळवीर

युरी गागारिन यांच्या उड्डाणाला ५० वर्षे पूर्ण झाली त्या दिवशी, १२ एप्रिल २०११ रोजी, नासाने एक छोटी चित्रफीत प्रसिद्ध केली. तीत दोन बासरीवादक आहेत. एक रशियातील पर्म या शहरी, पृथ्वीवर. दुसरी सुमारे ३५० किलोमीटर उंचीवर, आंतरराष्ट्रीय अंतराळस्थानकात तरंगत असलेली. पहिला इयन अँडरसन, ‘जेथ्रो टल’ या ब्रिटिश रॉक वाद्यवृंदाचा नायक. दुसरी केडी कोलमन, रसायनशास्त्रज्ञ आणि अमेरिकी हवाई दलातील निवृत्त कर्नल. दोघे बाखची एक ‘बूरे’ वाजवतात. अंतराळाच्या इतिहासात या घटनेची नोंद ‘पृथ्वी आणि अंतराळ यांच्यातील पहिले सहवादन’ अशी होते आणि तिथेच संपते. आम्हाला ‘पहिले’ या विशेषणात फारसे स्वारस्य नाही. या सहवादनामागे एकेचाळीस वर्षांचा एक प्रवास आहे. तो एका वादकाच्या कल्पनेतील अंतराळवीराचा आहे आणि वाङ्मयाच्या अभ्यासकाने त्याकडे पाहावे असे त्यात काही आहे.

अँडरसन यांचा जन्म १९४७ मधला, स्कॉटलंडमधील डन्फर्मलिनचा. तरुणपणी ते गिटार वाजवीत. एरिक क्लॅप्टनसारखे गिटार आपल्याला कधीच वाजवता येणार नाही हे उमगल्यावर, १९६७ च्या सुमारास त्यांनी गिटार देऊन बासरी घेतली. (वाद्यवृंदाला मिळालेले नाव अठराव्या शतकातील एका इंग्रज शेतीसुधारकाचे. पेरणीच्या पाभरीला यांत्रिक रूप देणारा म्हणून तो ओळखला जातो. रॉक संगीताशी त्याचा कसलाही संबंध नाही.) बासरी त्यांना कोणी शिकवली नाही. रोलंड कर्क या जॅझवादकाप्रमाणे फुंकेबरोबर घशातून गुणगुणण्याची रीत त्यांनी उचलली आणि एका पायावर उभे राहून वाजवण्याची ढब स्वतःची म्हणून रूढ केली. ती पाहून आपल्याकडच्या प्रेक्षकाला त्रिभंगी मुरलीधर आठवतो. पण साम्य तेवढेच, त्यावरून सिद्धांत रचू नये. पुढे १९९० च्या दशकाच्या आरंभी त्यांची मुलगी शाळेत बासरी शिकू लागली, तेव्हा आपली बोटे वर्षानुवर्षे चुकीच्या जागी पडत होती असे या जगप्रसिद्ध वादकाच्या ध्यानी आले. त्यांनी बोटे पुन्हा बसवून घेतली. प्रसिद्धीच्या शिखरावरचा माणूस असे करतो तेव्हा त्याला आपल्या नावापेक्षा वाद्य अधिक प्रिय आहे, असे म्हणायला हरकत नसावी.

१९६९ साली ‘स्टँड अप’ ही ध्वनिमुद्रिका निघाली. ‘बूरे’ तीतच आहे. मूळ रचना योहान सेबास्टियन बाखच्या ल्यूट या तंतुवाद्यासाठी मानल्या गेलेल्या ई मायनरमधील एका मालिकेतली. बूरे हे एका फ्रेंच नृत्याचे नाव. अँडरसन यांनी त्याला जॅझची झुलती चाल दिली. त्याच वर्षी जुलैत अपोलो ११ चंद्रावर पोचले. आर्मस्ट्राँग आणि ऑल्ड्रिन खाली उतरले. मायकेल कॉलिन्स मूळ यानात एकटे चंद्राभोवती घिरट्या घालत राहिले, सुमारे २८ तास. प्रत्येक फेरीत यान चंद्राआड गेले की पाऊण तासाहून थोडा अधिक काळ त्यांचा पृथ्वीशी असलेला रेडिओ संपर्कही तुटे.

सारे जग दोघांच्या पावलांचे ठसे पाहत असताना बाविशीच्या अँडरसनचे लक्ष तिसऱ्याकडे गेले. १९७० च्या ‘बेनिफिट’ या ध्वनिमुद्रिकेत ‘फॉर मायकेल कॉलिन्स, जेफ्री अँड मी’ हे गाणे आहे. त्यातला जेफ्री म्हणजे त्यांचा मित्र जेफ्री हॅमंड, जो पुढे याच वाद्यवृंदात आला. शीर्षकात तीन नावे आहेत आणि त्यांतली दोन चंद्राच्या आसपासही गेलेली नाहीत. कॉलिन्स हे तिथे मागे राहिलेल्याचे, कुठेतरी कमी पडल्याच्या भावनेचे नाव होते. त्या नावाच्या आडून कवी स्वतःविषयी आणि मित्राविषयी बोलतो. गाणे चांगले आहे. विजयाच्या गदारोळात दुर्लक्षित माणूस हेरण्याची नजर त्यात आहे आणि त्या काळच्या चांद्रगीतांत ती दुर्मीळ होती.

पण कॉलिन्स यांना स्वतःला काय वाटत होते? १९७४ साली त्यांचे ‘कॅरीइंग द फायर’ हे आत्मकथन आले. अंतराळवीरांनी लिहिलेल्या पुस्तकांत आम्ही त्याला फार वरचे स्थान देतो. चंद्राआडच्या त्या एकांताविषयी त्यात त्यांनी स्पष्टच लिहिले आहे: आपल्याला भय वा एकाकीपण जाणवले नाही, जाणवली ती सजगता, समाधान, जवळजवळ उल्हास. थोडक्यात, ज्या एकाकीपणासाठी कवीने त्यांचे नाव उसने घेतले होते ते त्यांच्यापाशी नव्हतेच. हा काही गाण्याचा दोष नव्हे. रूपक ज्याच्यावरून घेतले त्याला विचारून घ्यायचे नसते. तरीही आम्हाला हा तपशील महत्त्वाचा वाटतो. आपण साहित्यवाले माणसांना फार लवकर रूपके करून टाकतो; आणि रूपक झालेला माणूस पुन्हा माणूस म्हणून भेटण्याचा प्रसंग कवीच्या वाट्याला क्वचितच येतो. अँडरसन यांच्या वाट्याला तो आला. आला तो वाद्यामार्फत, म्हणून थोडे वाद्याविषयी.

बासरी हे सुषिर वाद्य. तिचा स्वर म्हणजे नळीतल्या हवेचे कंपन. तो किती उंच लागेल हे नळीच्या लांबीइतकेच त्या हवेतून ध्वनी किती वेगाने जातो यावर ठरते. हवा पातळ झाली, म्हणजे तिचा दाब उतरला, तरी या वेगात फरक पडत नाही. हवेतले घटक बदलले की पडतो. अपोलो यानात चंद्राच्या वाटेवर जवळजवळ शुद्ध प्राणवायू असे. प्राणवायू आपल्या हवेपेक्षा किंचित जड, त्यात ध्वनी सुमारे पाच टक्के मंद धावतो. म्हणजे कॉलिन्सनी त्या एकांतात बासरी ओठांना लावली असती तर प्रत्येक स्वर जवळजवळ अर्धस्वराने उतरलेला लागला असता. (डिसेंबर १९६५ मध्ये जेमिनी ६ या यानात वॉल्टर शिरा यांनी माउथ ऑर्गनवर नाताळची धून वाजवली आणि टॉम स्टॅफर्ड यांनी घुंगरांची साथ केली. तिथेही प्राणवायूच होता. पण माउथ ऑर्गनचा स्वर धातूच्या पात्यांचा, त्याला वायूची फारशी पर्वा नसते.) गागारिन यांच्या व्होस्टोकमध्ये मात्र समुद्रसपाटीवरल्यासारखी साधी हवा होती. परत येताना आपण शोस्ताकोविचच्या एका गीताची शीळ घातली असे त्यांनी ख्रुश्चेव्ह यांना सांगितले होते. तेव्हा माणसाचे अंतराळातले पहिले संगीतही श्वासाचेच, वाद्यावाचून.

अमेरिकी यानांत अशी साधी हवा आली ती स्पेस शटलबरोबर, आणि बासरीही शटलमधूनच गेली. एप्रिल १९९३ मध्ये एलेन ओचोआ डिस्कव्हरी यानातून गेल्या तेव्हा त्यांनी आपली बासरी सोबत नेली. ओचोआ मूळच्या पदार्थविज्ञानाच्या, पुढे स्टॅनफर्डच्या विद्युत अभियांत्रिकीतल्या डॉक्टर. तिथल्या विद्यार्थी वाद्यवृंदात एकल वादनाचा सन्मान मिळवलेल्या. अँडरसनच्या अगदी उलट, रीतसर शिकलेल्या. त्यांनी नंतर सांगितलेली एक गोष्ट आम्हाला फार आवडते. वाजवताना त्यांना पाय जमिनीवरच्या पट्ट्यांत अडकवून ठेवावे लागत. नाही तर बासरीतून जाणाऱ्या फुंकेचा इवलासा जोरही त्यांना जागेवरून ढकलायला पुरेसा होता. पृथ्वीवर फुंक घातली की आपण हलत नाही, कारण आपले वजन आपल्याला धरून ठेवते; हे आपल्या कधी लक्षातही येत नाही. एक वादक एका पायावर उभा राहतो आणि दुसरीला दोन्ही पाय बांधून घ्यावे लागतात!

केडी कोलमन यांनी यापूर्वी दोनदा अंतराळप्रवास केला होता. १९९९ च्या दुसऱ्या प्रवासात सुब्रह्मण्यन चंद्रशेखर यांच्या नावाची ‘चंद्रा’ ही क्ष-किरण वेधशाळा अवकाशात सोडण्याची कामगिरी मुख्यतः त्यांच्याकडे होती. डिसेंबर २०१० मध्ये त्या सोयुझमधून अंतराळस्थानकावर गेल्या आणि मे २०११ पर्यंत तिथे राहिल्या. सोबत चार वाद्ये होती: त्यांची स्वतःची बासरी, ‘द चीफटन्स’ या आयरिश वाद्यवृंदातल्या मॅट मोलॉय यांची जुनी बासरी, त्याच वृंदाच्या पॅडी मोलोनी यांची पत्र्याची शिट्टी, आणि इयन अँडरसन यांची एक बासरी. स्थानकावर जाणाऱ्याला मोजकेच खासगी सामान नेता येते. त्यातली एवढी जागा या बाईंनी फुंकीच्या वाद्यांना दिली, आणि त्यांतली तीन दुसऱ्यांची.

इथे नाते उलटे झालेले दिसेल. १९७० मध्ये अंतराळवीर वर होता, वादक खाली, आणि वादकाने त्याचे नाव उसने घेतले होते. आता अंतराळवीर वादकाची बासरी उसनी घेऊन वर गेली होती. चाहता कोण आणि नायक कोण, हे सांगणे कठीण व्हावे अशी ही स्थिती. प्रसिद्ध कलावंत आणि अंतराळवीर यांच्या भेटी पुष्कळ होतात, छायाचित्रे निघतात, स्वाक्षऱ्या होतात. वाद्य देणे ही वेगळी गोष्ट आहे. दुसऱ्याच्या ओठांना लागलेले वाद्य सोबत नेणे हा वादकांचा आपसातला व्यवहार आहे, तिथे गणवेश आणि पदके उपयोगी पडत नाहीत.

सहवादनासाठी ‘बूरे’ची निवडही विचार करण्याजोगी. बाखच्या मूळ रचनेत वरचा आणि खालचा असे दोन स्वरप्रवाह एकमेकांना उत्तर देत चालतात. एकट्या बासरीला ते जमणारे नाही. १९६९ च्या मुद्रणात खालची बाजू बेस गिटारने सांभाळली होती. म्हणजे ही रचना मुळातच दुसऱ्याची वाट पाहणारी. दोन बासऱ्या आल्या, पण त्यांत एक अडचण उरते. पृथ्वीवरून स्थानकाशी होणारा संवाद सुमारे ३६,००० किलोमीटर उंचीवरच्या उपग्रहांमार्फत जातो. नुसते अंतर कापायलाच प्रकाशाच्या वेगाने पाव सेकंद लागतो, उत्तर यायला आणखी तेवढाच. अर्ध्या सेकंदात मध्यलयीतली एक मात्रा निघून जाते. आपल्या जुगलबंदीचा प्राण समोरच्याचे ऐकून तत्क्षणी उत्तर देण्यात असतो. तशी जुगलबंदी या अंतरावर होणे नाही. चित्रफितीत दोन ठिकाणची दोन वादने एकत्र आणलेली दिसतात, आणि दोघेही एकाच ठरलेल्या रचनेच्या आधाराने चालतात. आमच्या मते याने तिचे मोल कमी होत नाही. लिहिलेल्या संगीताचे सामर्थ्यच हे, की एकमेकांना न ऐकणाऱ्यांनाही ते एका लयीत ठेवू शकते.

कोलमन यांचे वादन व्यावसायिक वादकाच्या तोडीचे आहे असे कोणी म्हणणार नाही. अँडरसन तिथे आपल्या नेहमीच्या फुत्कारांचा आणि गुणगुणण्याचा पसाराही मांडत नाहीत. त्यांना परक्या मैफिलीत बसण्याची सवय होती. २००८ च्या नोव्हेंबरात अनुष्का शंकर यांच्यासमवेत त्यांचा मुंबईत कार्यक्रम ठरला होता. दहशतवादी हल्ल्यामुळे तो रद्द झाला आणि हल्ल्यातील पीडितांच्या मदतीसाठी ५ डिसेंबरला नव्याने झाला. आपल्या वृंदातला नायक दुसऱ्याबरोबर वाजवताना मागे सरकू शकतो का, ही वादकाची खरी कसोटी. पर्मच्या चित्रफितीत ते मागे सरकतात. १९७० च्या गाण्यात जागा व्यापणारा ‘मी’ इथे नाही.

अंतराळात गेलेल्या संगीताचा विषय निघाला की मराठी वाचकाला केसरबाई केरकर आठवणारच. १९७७ मध्ये व्हॉयेजर यानांवर ज्या सुवर्णतबकड्या गेल्या त्यांत केसरबाईंची भैरवी आहे. जपानी शाकुहाची आहे, पेरूची आणि सॉलोमन बेटांची पाव्याच्या जातीची वाद्येही आहेत. त्याच वर्षी सप्टेंबरात, दुसरे यान निघाल्यावर अकराच दिवसांनी, केसरबाई निवर्तल्या. तो ठेवा थोर आहे. पण तो अनोळखी श्रोत्याच्या नावे पाठवलेला ठेवा आहे. त्यात श्वास घेणारे कोणी नाही. कोलमन यांच्या बासरीत फुंकली गेलेली हवा स्थानकातल्या यंत्रांनी राखलेली होती. त्यातला बराचसा प्राणवायू पाण्याचे विघटन करून मिळवलेला. त्या हवेत बासरी पृथ्वीवरल्यासारखीच सुरात लागत होती.

पुढल्याच वर्षी, २०१२ मध्ये, चीफटन्सची ‘व्हॉइस ऑफ एजेस’ ही ध्वनिमुद्रिका आली. तीत कोलमन यांनी स्थानकावर केलेल्या वादनाचा समावेश आहे, आणि त्यांचे नाव तिथे इतर पाहुण्या कलावंतांच्या ओळीत आहे.