डाग, वखार आणि रजेचा नियम

सरकारी कचेरीत आस्थापना शाखेत बसणाऱ्याला रजेचे नियम तोंडपाठ असतात, आणि त्याचा थोडा गर्वही असतो. काही वर्षांपूर्वी एका सहकारी भगिनीचा अर्ज माझ्या टेबलावर आला. तिसरा महिना, 'थोडे डाग दिसतात' म्हणून डॉक्टरांचा दाखला, आणि प्रसूती रजेची मागणी. मी नियम उघडला. १९७२ च्या केंद्रीय रजा नियमांप्रमाणे गर्भपात झाल्यास संपूर्ण नोकरीत मिळून ४५ दिवस रजा मिळते. पण गर्भपाताची नुसती भीती असेल, डॉक्टर ज्याला 'थ्रेटन्ड ॲबॉर्शन' म्हणतात ते असेल, तर ही रजा लागू नाही असा खुलासा त्याखाली आहे. मी तसा शेरा मारला. तिने अर्जित रजा घेतली.

शेरा नियमाला धरून होता, तरी मनातून जाईना. मूल गेले तर रजा, आणि ते जाऊ नये म्हणून धडपड चालली असेल तर नाही, हा कुठला हिशेब?

त्याच वर्षी दिवाळीत सासुरवाडीला निपाणीला गेलो होतो. शेजारच्या आजी तरुणपणी तंबाखूच्या वखारीत कामाला होत्या. गोष्टीवरून गोष्ट निघाली तेव्हा त्या म्हणाल्या, "जावईबापू, आमच्या वेळी लाल दिसलं तरी पदर खोचायचा नि चाळायला बसायचं. मुकादमाला काय सांगायचं असतंय?" घरात क्षणभर कुणी बोलले नाही. सासूबाई उठून चहा टाकायला गेल्या.

पहिल्या बारा आठवड्यांत साधारण चारांतल्या एका गर्भवतीला असे डाग दिसतात, आणि त्यांतल्या बहुतेकींचा गर्भ पुढे नीट वाढतो. गर्भ रुजताना थोडे रक्त येते, कधी गर्भाशयाच्या तोंडाशी नाजूक झालेल्या जागेतून येते. जे गर्भ गळतात त्यांतल्या निम्म्याच्या आसपास गुणसूत्रांतला दोष असतो. बाईने जिना चढला किंवा पपई खाल्ली म्हणून ते होत नाही. मात्र रक्तस्राव वाढला, पोटात एका बाजूला कळ आली, खांदा दुखला किंवा चक्कर आली तर घरी थांबू नये. गर्भ नळीत रुजलेला असू शकतो आणि त्यात जीव जातो. अंथरुणाला खिळून राहिल्याने गर्भ टिकतो असा पुरावा नाही. मग रजा कशाला? तर सोनोग्राफीसाठी, आठ-पंधरा दिवसांनी ती पुन्हा करण्यासाठी, आणि त्रास वाढलाच तर इस्पितळ गाठता यावे म्हणून. वखारीतल्या बाईला ह्यातले काहीच नव्हते, वर दिवसभर नाकातोंडात तंबाखूची धूळ.

कायद्याचा इतिहास पाहिला तर आश्चर्य वाटते. बेळगाव जिल्हा तेव्हा मुंबई इलाख्यात होता, आणि कारखान्यातल्या बायकांसाठी बाळंतपणाच्या भत्त्याचा कायदा मुंबई इलाख्यानेच १९२९ साली केला. १९२८ मध्ये कायदे मंडळात त्या विधेयकाला डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी पाठिंबा दिला होता. १ नोव्हेंबर १९५६ रोजी बेळगाव-निपाणी म्हैसूर राज्यात गेली. १९६१ चा केंद्रीय प्रसूती लाभ कायदा आला, त्यात गर्भपात झाल्यास सहा आठवडे पगारी रजा, आणि गरोदरपणातून उद्भवलेल्या आजारासाठी वेगळी एक महिना. १९६६ च्या विडी-सिगार कामगार कायद्याने हे लाभ विडीच्या धंद्यालाही लागू केले. म्हणजे मी ज्या बाईला नाही म्हटले तिच्यापेक्षा वखारीतल्या बाईचा हक्क कागदावर मोठा होता!

पण कागदावरच. हजेरीपटावर नाव नाही तर रजा कुणाकडे मागायची? १९८० च्या सुमारास निपाणीच्या हजारो तंबाखू कामगार बायका संघटित झाल्या, संपावर गेल्या. 'युगांतर' ह्या चित्रपटगटाने १९८२ साली त्यांच्यावर माहितीपट केला. आपल्याला निपाणी म्हटले की १९८१ चे शरद जोशींचे तंबाखू आंदोलन आणि ६ एप्रिलचा गोळीबार आठवतो. शेतकऱ्यांचा तो लढा मोठाच होता. पण त्याच गावातल्या, तोच तंबाखू चाळणाऱ्या बायकांचा लढा आपल्या बोलण्यात क्वचित येतो.

आणि बेळगाव? चोर्ला घाट चढून उपचाराला तिथे जाणारे गोवेकर पुष्कळ. तिथल्या जवाहरलाल नेहरू वैद्यकीय महाविद्यालयाने जिल्ह्यातल्या खेड्यांत १६२० बाळंतिणींवर अभ्यास केला. बाळंतपणानंतर मिसोप्रोस्टॉलच्या गोळ्या देण्याचे काम गावातल्या नर्सबाईंनीच केले. अतिरक्तस्रावाचे प्रमाण १२ टक्क्यांवरून ६.४ टक्क्यांवर आले. २००६ मध्ये 'लॅन्सेट' ह्या साप्ताहिकात ते छापून आले आणि जगभर त्याची दखल घेतली गेली. हा रक्तस्राव वेगळा, शेवटचा. पण बाईच्या रक्ताची मोजदाद ठेवली की काय होऊ शकते ते ह्याच जिल्ह्याने दाखवले.

२१ नोव्हेंबर २०२५ पासून १९६१ च्या कायद्याची जागा सामाजिक सुरक्षा संहितेने घेतली आहे. सहा आठवडे आणि एक महिना ह्या दोन्ही तरतुदी तिच्यातही आहेत. सरकारी कर्मचाऱ्यांच्या नियमात आजारपणाची अशी वेगळी सोय व्हावी असे मला वाटते. ती होईपर्यंत, डागांचा दाखला घेऊन कुणी टेबलाशी आली, तर निदान अर्जित किंवा वैद्यकीय रजा त्याच दिवशी मंजूर होऊन तिच्या हातात पडावी एवढे तरी आम्ही कारकून करू शकतो. मी आता ते करतो.

तुमच्या घरात वखारीत, काजूच्या कारखान्यात राबलेली कुणी आजी, मावशी असेल तर तिला ह्या विषयावर बोलते करा आणि लिहून ठेवा. ह्या बायकांचे रजेचे अर्ज कुठल्याच फायलीत सापडणार नाहीत.