एक इंच खाली

१९६५ च्या फोर्ड मस्टँगचं बॉनेट उघडलं की इंजिनाच्या दोन्ही बाजूंना पत्र्याचे दोन जाडजूड टॉवर दिसतात. पुढच्या चाकांच्या कॉइल स्प्रिंग त्यांच्यात उभ्या असतात आणि सस्पेन्शनच्या वरच्या आर्मवर टेकतात. जुनी मस्टँग हौसेने सांभाळणारा माणूस आज पुढचं सस्पेन्शन सुधारायला घेतो, तेव्हा त्याला आधी या टॉवरांपाशीच यावं लागतं.

पुढचं प्रत्येक चाक स्वतंत्रपणे वर-खाली होऊ देणारी रचना फोर्डच्या घराण्यात उशिरा आली. जनरल मोटर्सने १९३४ च्या गाड्यांना पुढे स्वतंत्र सस्पेन्शन दिलं. रोल्स-रॉइसमधून आलेल्या मॉरिस ऑली या इंजिनिअरचा त्यात मोठा वाटा होता. वरचा आर्म आखूड आणि खालचा लांब ठेवायचा, म्हणजे चाक वर-खाली होताना टायर रस्त्यावर नीट टेकून राहतो, हे तत्त्व तेव्हापासून रुळलं. हेन्री फोर्डच्या गाड्या मात्र १९४८ पर्यंत मॉडेल टीच्या वळणाच्या अखंड अ‍ॅक्सलवर आणि आडव्या पाट्याच्या स्प्रिंगवर चालत राहिल्या. १९४९ च्या मॉडेलला स्वतंत्र पुढचं सस्पेन्शन मिळालं.

मस्टँगला ते १९६० च्या फाल्कनकडून आलं. फाल्कन ही काटकसरी कुटुंबाची गाडी, सहा सिलिंडरच्या हलक्या इंजिनाची. एप्रिल १९६४ मध्ये मस्टँग २,३६८ डॉलरपासून विकता आली, कारण तिचे बरेचसे अवयव फाल्कनचे होते. पण त्याच सांगाड्यात २८९ घनइंचाचं व्ही-८ बसलं आणि वळणावर उणीव उघडी पडली. गाडी बाहेरच्या बाजूला कलते तेव्हा त्या बाजूच्या चाकाचा माथाही बाहेर झुकतो. चपलेची बाहेरची कड झिजवत चालावं तसा टायर एका खांद्यावर धावतो. पकड सुटते आणि स्टिअरिंग कितीही फिरवलं तरी गाडीचं नाक सरळ जाऊ पाहतं.

यावरचा उपाय फोर्डच्याच क्लाउस आर्निंग या इंजिनिअरच्या नावाने ओळखला जातो. वरचा आर्म टॉवरला जिथे बोल्टने जोडलेला असतो, ती जागा सुमारे एक इंच खाली आणायची. आर्मचा उतार बदलतो, चाक वर चढताना त्याचा माथा आत ओढला जातो आणि टायर पूर्ण रुंदीने टेकतो. शिवाय रोल सेंटर, म्हणजे गाडी ज्या बिंदूभोवती कलते तो, वर आल्याने गाडी कलतेही कमी. मला या कामाचं फार अप्रूप वाटतं. यात नवा भाग लागत नाही, लागतात ती योग्य जागी पाडलेली भोकं.

माजी रेसर कॅरोल शेल्बीने मस्टँगवर बेतलेल्या १९६५ च्या जीटी३५० मध्ये ती भोकं पाडली. सोबत कोनी शॉक अ‍ॅब्सॉर्बर, जाड अँटी-रोल बार आणि टॉवर एकमेकांना बांधणारे आडवे दांडे दिले. फेब्रुवारी १९६५ मध्ये टेक्ससच्या ग्रीन व्हॅलीत ड्रायव्हर केन माइल्सने या गाडीला पहिल्याच शर्यतीत विजय मिळवून दिला. तरीही १९६६ च्या मॉडेलचं उत्पादन सुरू असतानाच खर्च वाचवायला शेल्बीने हे काम बंद केलं. हा निर्णय मला अजून खटकतो. साध्या मस्टँगचीही आर्मची जागा फोर्डने १९६७ मध्ये खाली आणली.

पुढची शाखा वेगळ्याच गाडीतून फुटली. १९७४ च्या छोट्या मस्टँग टू मध्ये स्प्रिंग खालच्या आर्मवर आली, रॅक-अँड-पिनियन स्टिअरिंग आलं आणि टॉवरची गरजच उरली नाही. त्या गाडीवर शौकिनांनी फारसा जीव लावला नाही, पण तिचं पुढचं सस्पेन्शन जुन्या गाड्यांना दमदार इंजिन बसवणाऱ्या हॉट रॉडवाल्यांनी उचललं. आज त्याच धर्तीचे तयार संच मिळतात. टॉवर कापून ते बसवले की मोठ्या इंजिनाला ऐसपैस जागा होते.

मोठं इंजिन घालायचं असेल तर टॉवर जरूर कापावेत. फक्त वळणं नीट घ्यायची असतील, तर आधी भोकं खाली न्यावीत. मात्र त्याआधी झिजलेले बुश आणि बॉल जॉइंट बदलावेत, टॉवर आत झुकलेत का ते मोजावं; वाकलेल्या टॉवरवर घेतलेलं माप फुकट जातं. आणि अलाइनमेंट करताना जुन्या पुस्तकातले आकडे बाजूला ठेवावेत. ते त्या काळच्या बायस-प्लाय टायरसाठी होते. आजच्या रेडियलला कँबर (चाकाच्या माथ्याचा आत-बाहेर कल) थोडा उणे आणि कॅस्टर (स्टिअरिंगच्या अक्षाचा मागे-पुढे कल) बराच अधिक लागतो.