ताण-प्रतिक्षिप्त क्रिया आणि विरोधी स्नायू
ताण-प्रतिक्षिप्त क्रिया म्हणजे अचानक ताणल्या गेलेल्या स्नायूचे आपोआप होणारे आकुंचन. स्नायूतील तर्कूच्या आकाराची संवेदी इंद्रिये ताण टिपतात. त्यांचा संदेश मेरुरज्जूतील प्रेरक चेतापेशींकडे थेट जातो व तोच स्नायू आकुंचन पावतो. त्याच वेळी एका मध्यस्थ चेतापेशीमार्फत विरोधी स्नायूला रोखले जाते. गुडघ्याच्या वाटीखाली हातोडीने हलकेच ठोकल्यास मांडीचा पुढचा स्नायू आकुंचन पावतो, मागचे स्नायू सैल राहतात आणि पाय पुढे उडतो.

ही क्रिया सर्व स्नायूंत सारखी नसते. १९२४ मध्ये एडवर्ड लिडेल व चार्ल्स शेरिंग्टन यांनी मांजरांवरील प्रयोगांत तिचे सविस्तर वर्णन केले. गुरुत्वाकर्षणाविरुद्ध शरीर तोलून धरणाऱ्या स्नायूंत ती जोमदार व टिकाऊ, तर त्यांच्या विरोधी स्नायूंत क्षीण आढळते. माणूस उभा असताना शरीराचा भार घोट्याच्या किंचित पुढे पडतो. त्यामुळे पुढे झुकताच पोटरी ताणली जाते. पोटरीत ही क्रिया सहज दिसते, नडगीपुढील स्नायूत क्वचितच.

पक्षाघातानंतर मेंदूचे नियंत्रण सुटल्यास हा फरक ठळक होतो. बहुधा हात कोपरात व मनगटात दुमडलेला राहतो आणि पाय ताठ होतो. असा अवयव जितक्या वेगाने हलवावा तितका त्याचा विरोध वाढतो. म्हणून त्याला व्यायाम देताना तो सावकाश ताणतात.